रोह्याचे सी. डी. देशमुख, बँकांची बँक आणि तुमच्या घरचं फायबर

पेण किंवा रोह्यात आज फायबर कनेक्शन घ्यायचं तर मोठ्या कंपन्या आहेत आणि गल्लीतला केबलवालाही आहे. केबलवाल्याच्या प्लॅनवर त्याच्या फर्मचं नाव असतं, बिलही तोच देतो. पण मुंबईपासून तुमच्या गावापर्यंतची फायबर त्याने टाकलेली नसते. तो एखाद्या मोठ्या नेटवर्ककडून ठोक भावात बँडविड्थ घेतो आणि घराघरात किरकोळीने विकतो. यालाच होलसेल डील म्हणतात.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. हा प्रकार मित्रांना समजावताना मला सगळ्यात उपयोगी पडणारं उदाहरण टेलिकॉममधलं नाही, बँकिंगमधलं आहे. आणि त्यातला मुख्य माणूस आपल्याच जिल्ह्यातला आहे : चिंतामण द्वारकानाथ देशमुख. रोह्यात त्यांच्या नावाचं कॉलेज आहे, पण त्यांनी नेमकं काय केलं हे आपल्या वयाच्या फार थोड्या जणांना माहीत असतं.

नाते ते केंब्रिज

देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावातला. वडील रोह्यात वकिली करायचे, त्यामुळे बालपण रोह्यात गेलं. १९१२ साली मॅट्रिकला ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. पुढे केंब्रिजला गेले ते विज्ञान शिकायला. वनस्पतिशास्त्रात तिथे बक्षीस मिळवलं. १९१८ मध्ये आयसीएस परीक्षेत पुन्हा पहिला नंबर. मग मध्य प्रांतात सरकारी नोकरी केली आणि १९३९ मध्ये रिझर्व्ह बँकेत आले.

बँकांची बँक

ऑगस्ट १९४३ मध्ये देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९४४ च्या ब्रेटन वूड्स परिषदेत ते भारतीय शिष्टमंडळात होते. जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांचा पाया तिथेच घातला गेला. फाळणीनंतरही जून १९४८ अखेरपर्यंत भारत आणि पाकिस्तान, दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक एकच होती. दोन सरकारं आणि मागे यंत्रणा एक, हे अवघड काम देशमुखांच्याच काळात पार पडलं. १ जानेवारी १९४९ ला बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हाही गव्हर्नर तेच होते.

आता गंमत बघा. रिझर्व्ह बँकेत तुमचं-माझं बचत खातं नसतं. तिथे खाती असतात ती बँकांची. तुम्ही चहावाल्याला यूपीआयने १५ रुपये देता, तेव्हा तुमची बँक वेगळी आणि त्याची वेगळी असू शकते. त्या दोघींचा हिशेब शेवटी मिटतो रिझर्व्ह बँकेतल्या त्यांच्या खात्यांवर. म्हणजे एक सामाईक थर मागे, आणि ग्राहकासमोर अनेक दुकानं. फायबरमधलं होलसेल नेटवर्क साधारण असंच चालतं.

४०० शाखांची अट

१९५० मध्ये देशमुख केंद्रात अर्थमंत्री झाले. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून, म्हणजे आजच्या रायगडातूनच, लोकसभेवर गेले. तेव्हा रिझर्व्ह बँकेने केलेल्या ग्रामीण पतपाहणीतून एक भयंकर आकडा पुढे आला. शेतकऱ्यांच्या कर्जात व्यापारी बँकांचा वाटा १ टक्क्याच्याही आत होता, आणि सावकारांचा सुमारे ७० टक्के. बँका शहरात होत्या, खेड्यात जायला त्यांना परवडत नव्हतं.

यावर उपाय म्हणून १ जुलै १९५५ ला इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. कायद्यातच अट होती : पाच वर्षांत किमान ४०० नव्या शाखा उघडायच्या. या शाखा सुरुवातीला तोट्यात जाणार हे उघड होतं. म्हणून रिझर्व्ह बँकेला स्टेट बँकेच्या शेअरवर मिळणाऱ्या लाभांशातून एक वेगळा निधी ठेवला गेला, तोटा त्यातून भरून काढायचा. ४०० चं लक्ष्य मुदतीत पूर्ण झालं. आकडा, मुदत आणि तोट्याची सोय, तिन्ही गोष्टी कायद्यात होत्या.

पुढच्याच वर्षी, जुलै १९५६ मध्ये, मुंबई महाराष्ट्राबाहेर ठेवण्याच्या केंद्राच्या निर्णयाविरुद्ध देशमुखांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. नंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. कालिदासाचं मेघदूत त्यांनी मराठीत आणलं. २ ऑक्टोबर १९८२ ला ते गेले.

हेच फायबरला लावून बघा

फायबरची एक खासियत आहे. काचेचा धागा तोच राहतो, दोन्ही टोकांची मशीन बदलली की स्पीड वाढतो. आज घरोघरी चालणाऱ्या जीपॉन तंत्रात एका धाग्यावर सुमारे २.५ जीबीपीएस डाउनलोड असतं, ते अनेक घरांत वाटलं जातं. नवं एक्सजीएस-पॉन तेच १० जीबीपीएसपर्यंत नेतं. म्हणून ठोक विकणाऱ्याने मशीन बदलली आणि सगळ्यांना सारख्या दराने विकायची तयारी ठेवली, तर छोटा केबलवालाही रस्ता न खणता वेगवान प्लॅन देऊ शकतो. ठोकवाल्याने हात आखडला, तर केबलवाला कितीही चांगला असला तरी त्याचा प्लॅन तिथेच अडकतो.

आपल्याकडे ठोक थर आहेत. रेलटेल रेल्वेमार्गालगतची फायबर इंटरनेट कंपन्यांना विकते. भारतनेट ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेते, आणि तिथून कोणत्याही कंपनीने ती भाड्याने घ्यावी अशी कल्पना आहे. त्याचा खर्च टेलिकॉम कंपन्यांच्या महसुलातून जमणाऱ्या निधीतून होतो, अगदी स्टेट बँकेच्या त्या तोट्याच्या निधीसारखा. २०११ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती दोन वर्षांत जोडायच्या होत्या. दहा वर्षांनंतरही काम पुरं झालेलं नव्हतं. आकडा होता, निधी होता, मुदत मात्र पुन्हा पुन्हा पुढे गेली.

माझ्या मते देशमुखांच्या काळातला धडा इथेच आहे. मागचा थर सामाईक असणं चांगलंच, पण तो शेवटच्या गावापर्यंत आपोआप पोहोचत नाही. कुणावर तरी ती जबाबदारी मुदतीसकट टाकावी लागते, आणि ती पाळली जाते का हे बघत राहावं लागतं.

तुम्ही काय विचाराल?

नवीन कनेक्शन घेताना फक्त एमबीपीएस आणि भाव बघू नका. बँडविड्थ कोणाकडून घेता, आणि एक लाइन तुटली तर दुसऱ्या मार्गाची सोय आहे का, हे केबलवाल्याला विचारा. दोन शेजाऱ्यांची कनेक्शनं वेगळ्या कंपन्यांची असली तरी मागची फायबर एकच असेल, तर दोन्ही एकदम बंद पडतात. गाव पेण-रोह्याच्या आतल्या भागात असेल तर ग्रामसभेत विचारा : आपल्या पंचायतीत भारतनेटचं मशीन बसलंय का, आणि ते चालू आहे का? या प्रश्नाला पैसे पडत नाहीत.