योहान सेबास्टियन बाख : मुलांच्या गायनवृंदाचे गुरुजी

बाख म्हटलं की पाश्चात्त्य संगीतातला थोर रचनाकार, एवढं आपल्याला माहीत असतं. पण आयुष्याची शेवटची सत्तावीस वर्षं हा माणूस शाळेत नोकरीला होता. मुलांना गायला शिकवायचं आणि रविवारी चर्चमध्ये त्यांच्याकडून गाऊन घ्यायचं, हे त्यांचं काम. शिक्षक म्हणून मला त्यांची हीच बाजू जास्त जवळची वाटते.

बाख यांचा जन्म २१ मार्च १६८५ रोजी जर्मनीतील आयझेनाख येथे झाला. घराणं संगीतकारांचं. ते नऊ वर्षांचे असताना आई गेली, वर्षभरात वडीलही गेले. मग ऑर्गन वाजवणाऱ्या थोरल्या भावाने त्यांना सांभाळले. पंधराव्या वर्षी ल्यूनेबुर्ग येथील शाळेत प्रवेश मिळाला तो आवाजाच्या जोरावर. चांगला आवाज असलेल्या गरीब मुलांना तिथे ठेवून घेत, बदल्यात चर्चमध्ये गायचं. लवकरच त्यांचा आवाज फुटला, पण वृंदात उभं राहून गाणं म्हणजे काय, हे ते असं पोटासाठी गाऊन शिकले होते.

१७०३ मध्ये ते आर्नश्टाट येथे ऑर्गनवादक झाले. वय अठरा. तिथल्या विद्यार्थ्यांशी मात्र त्यांचं जमेना. वृंदात वाद्य वाजवणाऱ्या एका विद्यार्थ्याला ते वादनावरून टोचून बोलले, त्यावरून १७०५ मध्ये भर रस्त्यात मारामारी झाली, बाख यांनी तलवारही उपसली! चर्चच्या अधिकाऱ्यांनी समज दिली की माणसं कच्ची असली तरी त्यांना सोबत घेऊनच संगीत करावं लागतं. ते काही बाख यांना तेव्हा पटलं नाही.

पुढे तीन ठिकाणच्या नोकऱ्या करून १७२३ मध्ये ते लाइपत्सिगला आले. नगरसभेची पहिली पसंती टेलेमान, दुसरी ग्राउप्नर. दोघंही आले नाहीत म्हणून बाख. पद होतं कँटरचं, म्हणजे सेंट थॉमस शाळेचे संगीतशिक्षक आणि गावातल्या चर्चसंगीताचे प्रमुख. लॅटिनही शिकवायचं होतं, ते त्यांनी पदरचे पैसे देऊन एका सहकाऱ्यावर सोपवलं.

काम किती होतं बघा. वसतिगृहात पंचावन्नच्या आसपास मुलं आणि चर्च चार. दर रविवारी चारही ठिकाणी शाळेचा वृंद हवा. पहिला, सगळ्यात तयार वृंद बाख स्वतः चालवत, बाकीचे मोठ्या मुलांतून निवडलेले प्रमुख सांभाळत. चौथ्या वृंदात अगदी कच्ची मुलं, त्यांना फक्त साधी भजनं. पहिल्या वृंदासाठी पहिली काही वर्षं बाख जवळजवळ दर आठवड्याला नवी रचना करत. कँटाटा म्हणतात तिला. मग प्रत्येकाच्या वाट्याची स्वरलिपी उतरवून काढायची. त्यात विद्यार्थी, मुलगे, पत्नी आना माग्दालेना सगळे हात लावत. शनिवारी तालीम, रविवारी गायन. बस्स.

संचालनाची छडी तेव्हा नव्हती. १७३० पासून चार वर्षं मुख्याध्यापक असलेल्या गेस्नर यांनी बाख यांना काम करताना पाहिलं होतं आणि पुढे त्याचं वर्णन लिहून ठेवलं. तीस-चाळीस जणांत कोणाला मान हलवून, कोणाला पायाने ताल देऊन, कोणाला बोट दाखवून ते सावरत. एकाला वरचा सूर द्यायचा, दुसऱ्याला खालचा, तिसऱ्याला मधला. आणि चुकलं कोण, हे एवढ्या गलक्यात लगेच कळायचं!

१७३० च्या ऑगस्टमध्ये नगरसभेला त्यांचं काम असमाधानकारक वाटू लागलं, पगार कापायची भाषा झाली. बाख यांनी लेखी निवेदन दिलं. वृंदात चार प्रकारचे आवाज, प्रत्येकी निदान तीन मुलं हवीत, चार असली तर उत्तम, म्हणजे कोणी आजारी पडलं तरी गाणं अडत नाही. आणि हाती काय होतं? सतरा मुलं तयार, वीस अजून तयार व्हायची, सतरा गाण्याच्या उपयोगाची नाहीत. संगीताची जाण न बघताच मुलं घेतली जातात आणि मदतीला येणाऱ्या मोठ्या विद्यार्थ्यांचं मानधन बंद झालंय, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं. शेवटचा शेरा आपल्याला कठोर वाटेल. पण स्नेहसंमेलनाचं समूहगान बसवणाऱ्या कोणालाही मधले वीस ओळखीचे वाटतील. प्रत्येक मुलाचा आवाज वेगळा ऐकल्याशिवाय अशी यादी होत नाही. दोनच महिन्यांनी बाख यांनी एका जुन्या मित्राला पत्र लिहून दुसरीकडे नोकरीची चौकशी केली. ती काही मिळाली नाही.

१७३४ मध्ये एर्नेस्टी हे तरुण मुख्याध्यापक आले. त्यांना संगीतापेक्षा अभ्यास महत्त्वाचा वाटे. १७३६ मध्ये त्यांनी स्वतःच वृंदाचा प्रमुख विद्यार्थी नेमला. बाख यांच्या मते तो मुलगा त्या कामाला सक्षम नव्हता, म्हणून त्यांनी त्याला चर्चमध्ये वृंदातून घालवून दिलं. मग मुख्याध्यापकांनी मुलांना दम भरला की दुसऱ्या कोणाच्या हाताखाली गायचं नाही. कोणाचं ऐकावं? मुलांची पंचाईत. बाख यांचं म्हणणं योग्यच होतं, कारण प्रमुख कच्चा निघाला तर अख्खा वृंद कोसळतो, पण भर प्रार्थनेत झालेला तमाशा मुलांनी पाहिला, हेही खरं. अर्जफाटे थेट राजापर्यंत गेले.

बाख २८ जुलै १७५० रोजी लाइपत्सिग येथेच वारले. डोळ्यांवरच्या शस्त्रक्रियांनंतर शेवटचे काही महिने त्यांना दिसत नव्हतं. थॉमस शाळेच्या मुलांचा वृंद आजही त्याच चर्चमध्ये गातो.