गोमंतकाचे लेखणीवीर : त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा

तारापूरच्या किल्ल्याजवळून जाणाऱ्या आपणा सर्वांना पोर्तुगीज अंमल ही फार जुनी गोष्ट वाटते. हा किनारा १७३९ साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मुक्त झाला. गोव्याला मात्र त्यानंतर तब्बल २२२ वर्षे थांबावे लागले. गोव्याच्या स्वातंत्र्याचा विचार ज्यांनी प्रथम संघटित रूपात मांडला, ते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा गोमंतकीय राष्ट्रवादाचे जनक मानले जातात. त्यांच्या राजकारणाचा उगम सभेच्या व्यासपीठावर नव्हे, तर परदेशी वृत्तपत्रांच्या स्तंभांत झाला.

त्यांचा जन्म २ एप्रिल १८९१ रोजी गोव्यातील चांदोर येथे झाला. पणजी व पाँडिचेरी येथील शिक्षणानंतर ते पॅरिसला गेले व विद्युत अभियंता झाले. सुस्थितीत आयुष्य काढण्यास ती विद्या पुरेशी होती. परंतु त्या काळी युरोपात भारताविषयीची माहिती बहुधा इंग्रजांच्याच मुखातून पोहोचत असे. ही उणीव ओळखून कुन्हा यांनी ‘ल्युमानिते’, ‘क्लार्ते’ आदी फ्रेंच पत्रांतून लेखन आरंभिले. जालियनवाला बागेचे हत्याकांड आणि गांधीजींचे आंदोलन त्यांनी फ्रेंच वाचकांपुढे ठेवले. विख्यात साहित्यिक रोमाँ रोलाँ यांच्याशीही त्यांचा संबंध आला. ज्याला पटवावयाचे त्याच्याच भाषेत बोलावे, हे व्यवहाराचे साधे सूत्र त्यांनी देशकार्यास लावले.

१९२६ साली ते मायदेशी परतले. त्याच वर्षी पोर्तुगालमध्ये लष्करी सत्ता आली, पुढे सालाझारची हुकूमशाही स्थिरावली आणि छापावयाचा मजकूर आधी सरकारी तपासनिसास दाखविण्याची सक्ती गोव्यातही आली. स्वतःच्या गावातील अन्याय स्वतःच्या गावात छापता येऊ नये, याहून मोठी कोंडी लेखकाची ती कोणती ? १९२८ साली कुन्हा यांनी गोवा काँग्रेस समिती स्थापून ती राष्ट्रीय काँग्रेसशी जोडली. परंतु काही वर्षांतच, गोवा परकीय सत्तेखाली असल्याच्या कारणाने, हा संबंध तुटला. तो आघात मोठा होता, तरी लेखणी थांबली नाही. आसामच्या चहामळ्यांवर नेल्या जाणाऱ्या कुणबी मजुरांच्या दुर्दशेला त्यांनी वाचा फोडली. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी पुस्तिकेत, परकीय राजवटीने गोमंतकीयांना आपल्याच संस्कृतीपासून कसे तोडले, याची त्यांनी परखड चिकित्सा केली. स्वतः त्याच सुशिक्षित ख्रिस्ती वर्गातील असूनही त्यांनी आपल्या माणसांची भीड धरली नाही, हे विशेष होय.

१८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात सविनय कायदेभंगाचा शंख फुंकला. त्या लाटेत जुलै महिन्यात कुन्हा यांना अटक झाली. आग्वाद किल्ल्यातील कोंदट कोठडी, मग लष्करी न्यायालय आणि ८ वर्षांची शिक्षा ! पंचावन्न वर्षांच्या या लेखकाला पोर्तुगालमधील पेनिश किल्ल्यात डांबण्यात आले. पुढे तुरुंगातून सुटका झाली, तरी मायदेशी परतण्याची मोकळीक नव्हती. अखेर १९५३ साली ते तेथून निसटले व फ्रान्समार्गे मुंबईस पोहोचले.

मुंबईत त्यांनी ‘फ्री गोवा’ हे इंग्रजी पत्र चालविले आणि विखुरलेल्या गटांना एकत्र आणण्यासाठी गोवा कृती समिती उभारली. भाची बेर्ता द मिनेझिस ब्रागांझा यांचा त्या पत्राच्या कामात मोठा वाटा होता. १९५४ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्याच्या सीमेलगतचे दादरा व नगर हवेली मुक्त झाले. तो आनंद कुन्हा यांना पाहावयास मिळाला. गोव्याचा मात्र नाही. २६ सप्टेंबर १९५८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले व शिवडी येथे दफन करण्यात आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्याच वर्षी त्यांच्या लेखांचा संग्रह मुंबईत प्रसिद्ध झाला. पुढे १९८६ साली त्यांच्या अस्थी गोव्यात नेण्यात आल्या. पणजीच्या आझाद मैदानात त्यांचे स्मारक आहे.