सरकारी कामगारांचे एसेम

एस. एम. जोशी हे नाव आमच्या पिढीला बहुधा पुण्यातल्या पुलामुळे नाहीतर हडपसरच्या महाविद्यालयामुळे ठाऊक असते. मला ते आजोबांमुळे ठाऊक झाले. आजोबा देहूरोडच्या लष्करी डेपोत मजूर होते. १९६० सालच्या संपाची गोष्ट ते सांगू लागले की एसेमांचे नाव घेताना पाठ ताठ करून बसत. चौथी शिकलेल्या माणसाला एका पुढाऱ्याबद्दल इतका आदर का वाटावा, हे लहानपणी मला समजत नसे. यंदा ग्रंथालयात बसून एसेमांचे चरित्र वाचले आणि थोडे समजले. ते येथे मांडीत आहे.

श्रीधर महादेव जोशी यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९०४ रोजी जुन्नरला झाला. म्हणजे आपल्या चाकणवरून नाशिक रस्त्याने वर गेले की लागणारा तो मुलूख. वडील लवकर गेले आणि घरात ओढगस्त आली. पुण्यात इतरांच्या आधाराने शिकत ते फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवीधर झाले. १९२९ साली पर्वतीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून झालेल्या सत्याग्रहात ते पुढे होते. पुढे तुरुंगवास, समाजवादी पक्षाचे काम, १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाची धुरा आणि बेचाळीसच्या चळवळीत इमाम अली या नावाने काढलेले भूमिगत दिवस, हे सारे एका मागून एक आले. संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस म्हणून तर ते घराघरांत पोहोचले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. दुसरा एखादा पुढारी येथे थोडा विसावला असता. एसेमांपुढे मात्र दुसरा लढा उभा होता.

संरक्षण खात्यातील कामगारांच्या अखिल भारतीय फेडरेशनचे ते अध्यक्ष होते. खडकीचा दारूगोळा कारखाना आणि देहूरोडचे डेपो यांमुळे आपल्या भागातील हजारो घरांचा पोटाचा प्रश्न त्या फेडरेशनशी जोडलेला होता. १९५७ साली केंद्र सरकारने दुसरा वेतन आयोग नेमला. त्याच वर्षी भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन कुटुंबाच्या गरजेवर ठरावे, असे तत्त्व मान्य केले होते. अन्न, कापड, घरभाडे यांचा हिशेब करून कामगार संघटना सुमारे १२५ रुपये मागत होत्या. आयोगाने १९५९ साली किमान ८० रुपये सुचवले. देशाला याहून अधिक परवडत नाही, असे कारण पुढे आले.

हे कारण अगदीच खोटे नव्हते, हेही लिहिले पाहिजे. दुसरी पंचवार्षिक योजना पैशाअभावी रखडत होती आणि परकीय चलनाची गंगाजळी आटली होती. सरकारी नोकरापेक्षा कोरडवाहू शेतकरी अधिक गरीब होता, आणि समाजवादी एसेमांना हे सांगायला कोणाची गरज नव्हती. परंतु महागाई वाढत असताना महागाईभत्ता तिच्याशी जोडावा, ही मागणी चैनीची नव्हती. तिजोरीत खडखडाट आहे हे जर खरे, तर ते कामगारांच्या प्रतिनिधींसमोर हिशेब ठेवून पटवावे लागते. तंटा सुटला नाही तर तो त्रयस्थाकडे सोपवावा लागतो. खाजगी कारखान्यात मालक आणि कामगार भांडले तर सरकार मध्ये पडते. येथे मालकही सरकार आणि कायदा करणारेही सरकार. मग मध्ये पडावे कोणी? माझ्या मते १९६० च्या लढ्याचे मर्म या प्रश्नात आहे.

बोलणी फिसकटली. संपापूर्वीच वटहुकूम काढून तो बेकायदा ठरवण्यात आला. तरीही ११ जुलैच्या मध्यरात्री रेल्वे, टपाल-तार, संरक्षण अशा खात्यांचे कर्मचारी संपावर गेले. पंतप्रधान नेहरूंना हा संप राज्यसत्तेलाच आव्हान वाटला. अर्थमंत्री होते मोरारजी देसाई, म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात एसेमांसमोर उभे असलेलेच मोरारजीभाई. हजारोंना अटक झाली, दाहोदला गोळीबारात माणसे मेली. पाच दिवसांनी संप मागे घ्यावा लागला. कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, संघटनांची मान्यता काढून घेतली गेली.

म्हणजे संप हरला. आजोबाही तसेच म्हणत. पण संघटना मोडल्या नाहीत आणि संवादाची गरज सरकारलाही टाळता आली नाही. १९६६ साली संयुक्त सल्लागार यंत्रणा सुरू झाली. पगार व भत्ते, कामाचे तास आणि रजा या बाबतींत मतभेद राहिल्यास लवादाकडे जाण्याची सोय तीत होती. हे पूर्ण वाटाघाटीचे अधिकार नव्हते, कारण शेवटचा शब्द संसदेकडे राहिला. पण हुकमाच्या जागी टेबल आले, एवढे खरे.

एसेम १९६७ साली पुण्यातून लोकसभेत गेले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराला पाठिंबा दिल्याबद्दल त्यांनी स्वकीयांचा रोषही पत्करला. १ एप्रिल १९८९ रोजी त्यांचे निधन झाले.

हा प्रश्न मात्र त्यांच्याबरोबर गेला नाही. २०२१ साली दारूगोळा कारखान्यांच्या कंपन्या करताना संरक्षण कामगारांच्या संपावर पुन्हा वटहुकमाने बंदी आली. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातील कर्मचारी संपावर गेले, तेव्हाही तिजोरीवरच्या बोजाचेच उत्तर पुढे आले होते. त्या दोन्ही वेळी मला आजोबांची ताठ पाठ आठवली.

आजोबा आता नाहीत. त्यांच्या मागे आजीला मिळणाऱ्या पेन्शनमधून माझी महाविद्यालयाची फी भरली जाते. वडील चाकणला कंत्राटावर काम करतात. पगारवाढ मागायची तर त्यांना एकट्याने सुपरवायझरपुढे उभे राहावे लागते, आणि ते बहुधा काही न बोलताच परत येतात. एकाच घरातील दोन पिढ्यांत हे अंतर का पडले, याचा विचार करताना मला एसेम कळले. एकट्या माणसाची विनंती असते. दहाजणांची मागणी होते. ती ऐकून घेण्याची जागा मागण्यासाठी स्वतः कामगार नसलेला हा माणूस कामगारांबरोबर उभा राहिला. आजोबांची पाठ ताठ होई, ती म्हणूनच.