जमा आणि नावे : कर्नल साइक्सची हकिकत

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने पक्ष्यांवर लेख लिहिला हे पाहून काही मित्र हसतील. पण विल्यम हेन्री साइक्स या माणसाची आणि माझी गाठ संख्याशास्त्राच्या वाटेवर पडली. लंडनमध्ये १८३४ साली संख्याशास्त्राची संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत हे नाव मी वाचले. पुढे काही दिवसांनी ग्रंथालयात पक्ष्यांचे एक पुस्तक चाळत असताना तेच नाव पुन्हा दिसले. आधी वाटले, ही दोन निराळी माणसे असतील. शोध घेतल्यावर कळले की माणूस एकच आहे आणि त्याची सारी मोजदाद आपल्या दख्खनच्या पठारावर झालेली आहे. मग त्याची हकिकत पुरती वाचल्याशिवाय राहवेना.

साइक्सचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. १८०३ साली, म्हणजे आपल्याकडचा मुलगा आठवीत असतो त्या वयात, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात त्याची भरती झाली. पुढच्या वर्षी तो अधिकारी झाला आणि १८०५ मध्ये लॉर्ड लेकने भरतपूरला घातलेल्या वेढ्यात तो हजर होता. या वयात बंदूक हाती आलेल्या मुलाचे पुढे काय व्हायचे ते ठरल्यासारखेच असते. पण साइक्सला आणखी एक नाद लागला, तो म्हणजे इथली भाषा शिकण्याचा. १८१० च्या सुमारास हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषा त्याला येऊ लागल्या होत्या. पुढे त्याने जे काही केले त्याचे मूळ मला या भाषाज्ञानात दिसते.

त्याच्या चरित्रातले पुढचे पान मराठी वाचकाला जड जाते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशव्यांच्या फौजेशी इंग्रजांची लढाई झाली. त्या लढाईत आणि पुढे पुण्याच्या व डोंगरी किल्ल्यांच्या मोहिमेत साइक्स देशी पलटणीचे नेतृत्व करीत होता. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. ज्या हातांनी ती बुडवली त्यांत त्याचाही हात होता, ही गोष्ट झाकून त्याचे गुणगान करणे मला बरोबर वाटत नाही. तसेच त्याच्या हाताखालचे शिपाई आपल्यापैकीच होते, हेही विसरता येत नाही.

१८१९ मध्ये तो कॅप्टन झाला. १८२० साली तो रजेवर युरोपात गेला आणि चार वर्षे हिंडून १८२४ च्या ऑक्टोबरात परत आला. त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन होते. नुकत्याच हाती आलेल्या मुलखात काय आहे, किती आहे आणि त्यातून सरकारला काय मिळेल हे एल्फिन्स्टनना जाणून घ्यायचे होते. त्यांनी साइक्सला सरकारचा सांख्यिकी अहवालकार नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे त्याच्याकडे आले. आमच्या बेळगावकरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बेळगाव हा वेगळा जिल्हा १८३६ साली झाला. साइक्सच्या काळी आपला हा मुलूख धारवाडच्याच पोटात होता.

या कामासाठी त्याने लोकसंख्या, पिके, मजुरी, बाजारभाव यांची माहिती जमा केली. मिरासदाराचा जमिनीवरचा हक्क काय, वतने कशी चालतात, याचा अभ्यास करून त्याने दख्खनच्या जमीनधारणेवर निबंध लिहिला. हवेचा दाब दिवसातून कसा चढतो आणि उतरतो हे वायुभारमापकावर पाहून त्याच्या नोंदी केल्या. दख्खनमधल्या रानटी रेशीमकिड्यावरही त्याने लिहिले. आणि याच फिरतीत त्याने पक्षी जमवले.

जमवले म्हणजे मारून जमवले. त्या काळी दुर्बिणीतून पाहून समाधान मानण्याची पद्धत नव्हती. पक्षी बंदुकीने पाडायचा, त्याचे कातडे पेंढा भरून ठेवायचे आणि लंडनला धाडायचे, अशी रीत होती. साइक्सने एक गोष्ट मात्र जास्तीची केली. तो पक्ष्याचे पोट उघडून आत काय सापडते तेही टिपून ठेवी : गवताचे बी, धान्य, किडे, जे असेल ते. मला ही नोंद फार आवडली. शेतकऱ्याचे धान्य कोण खातो आणि शेतातले किडे कोण खातो याचा तो एक प्रकारे हिशेबच होता.

१८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या इतिवृत्तात त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध झाली. तीत छप्पन्न पक्षी शास्त्राला नवे म्हणून दिले होते. त्यांतली काही नावे पुढच्या तपासणीत टिकली नाहीत, पण जी टिकली ती रोजच्या ओळखीच्या पक्ष्यांची आहेत. भाताच्या खाचरात मान आखडून बसणारी आणि उडाली की एकदम पांढरीशुभ्र दिसणारी ढोकरी त्याच यादीतली. आंब्याच्या झाडातला पिवळाजर्द हळद्या, ज्याला आमचे कन्नड मित्र होन्नक्की म्हणतात, तोही तीतलाच. बागेत शेपटी नाचवणारा राखी वटवट्या, माळावर गलका करणारा मोठा सातभाई, किल्ल्याच्या तटाला आणि कड्याला घरटे करणारी काळपट पाकोळी, माळरानातला लावा, या सर्वांची पहिली शास्त्रीय नोंद साइक्सची आहे. ज्या किल्ल्यांवर त्याने तोफा चालताना पाहिल्या, तसल्याच तटांवरच्या पाकोळीला पुढे त्याने नाव दिले.

आता नावांकडे वळतो. शास्त्रज्ञांच्या रिवाजाप्रमाणे ही नावे लॅटिन धाटणीची असतात. साइक्सने त्या धाटणीत आपले शब्द बसवले. तुरेवाल्या एका लहान चंडोलाला त्याने 'देवा' नाव दिले आणि एका लहानशा वटवट्याला 'रामा'. एका रातव्याला 'महरट्टेन्सिस', म्हणजे मराठ्यांच्या मुलखातला, असे म्हटले. हिवाळ्यात येणाऱ्या पांढऱ्या धोब्याला 'दुखुनेन्सिस', म्हणजे दख्खनचा, असे नाव मिळाले. आपल्या रानातल्या कोळसुनीला, म्हणजे रानकुत्र्याला, वेगळी जात समजून तेच नाव त्याने १८३१ मध्ये दिले होते. पुढे १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवर लिहिताना त्याने मराठी माणसांच्या तोंडची नावे जशी कानावर पडली तशीच शास्त्रात घातली. आज जगातला कोणताही मत्स्यशास्त्रज्ञ दख्खनच्या महासीर माशाला 'खुद्री' या नावाने ओळखतो, ते त्यामुळेच.

सगळीच नावे अशी नव्हती. ढोकरीला लंडनच्या ग्रे नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाचे नाव मिळाले आणि मोठ्या सातभाईला गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचे. गंमत अशी की याच माल्कमसाहेबांच्या कारकिर्दीत, १८२९ च्या डिसेंबरात, काटकसर म्हणून साइक्सचे पद रद्द झाले. दुसरा कोणी असता तर कागद गुंडाळून पलटणीत परत गेला असता. साइक्सने लष्कराची रजा घेतली आणि १८३१ च्या जानेवारीपर्यंत राहून मोजणी पुरी केली. पगाराचे कारण संपल्यावरही जे काम माणूस सोडत नाही, तेच त्याचे खरे काम, असे मला वाटते.

त्यानंतरचे त्याचे आयुष्य मानमरातबाचे आहे. १८३३ मध्ये तो कर्नलच्या हुद्द्याने निवृत्त झाला. १८३४ मध्ये रॉयल सोसायटीचा सदस्य, १८४० मध्ये कंपनीचा संचालक, १८५६ मध्ये कंपनीचा अध्यक्ष, आणि १८५७ पासून मरेपर्यंत ॲबरडीनचा संसद सदस्य अशा पायऱ्या तो चढला. ज्या संख्याशास्त्र संस्थेच्या स्थापनेत तो होता, तिचा १८६३ ते १८६५ या काळात तो अध्यक्षही झाला. चीनमधल्या तैपिंग बंडात इंग्लंडने हात घालू नये असे त्याने आग्रहाने मांडले. खडकीला लढलेल्या माणसाला म्हातारपणी असे वाटले, याची नोंद घ्यायला हवी. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये तो वारला.

आता आमच्या विषयाप्रमाणे त्याचे खाते मांडून पाहतो. जमेच्या बाजूला भाषेचे प्रेम, चिकाटी आणि आपल्या पाखरांची पहिली शास्त्रशुद्ध यादी. दुसऱ्या बाजूला पेशवाईविरुद्धची लढाई आणि परक्या सरकारच्या महसुलासाठी केलेली मोजणी. या दोन बाजूंची बेरीज मला जुळवता आली नाही, आणि ती जुळल्याचे दाखवणे म्हणजे खोटा ताळेबंद करणे होईल.

जमाखर्चात खर्चाच्या बाजूला आपण 'नावे' म्हणतो. साइक्सच्या खात्यात मला तिथे एक रकाना कोरा दिसतो. मासा दाखवून 'खुद्री' म्हणणारा तो कोळी कोण होता? कोळसून कुठे आढळते ते कोणत्या गावकऱ्याने सांगितले? रातवा कुठल्या दगडाआड बसतो हे कोणाला ठाऊक होते? ग्रे यांचे नाव राहिले, माल्कमचे राहिले, साइक्सचे तर राहिलेच. ज्यांनी हे शब्द पुरवले त्यांचे शब्द राहिले, पण नावे राहिली नाहीत. त्यांचे देणे अजून फिटलेले नाही.

पावसाळ्यात कॉलेजला येताना रस्त्याकडेच्या खाचरात ढोकरी बसलेली दिसते. पूर्वी मी तिच्याकडे पाहतही नसे. आता पाहतो आणि वाटते, आपल्या अंगणातल्या पाखराची नोंद करायला हजारो मैलांवरून माणूस आला, आणि आपल्यापैकी कितीजणांना त्याचे साधे मराठी किंवा कन्नड नाव तरी सांगता येईल? वर्गातल्या दहा जणांना विचारून पाहावे. माझी मोजणी तिथूनच सुरू करायचे मी ठरवले आहे.