विझलेलं वादळ आणि आयझॅक क्लाइन

चक्रीवादळ जमिनीवर चढलं की मेलं, असं आपण सगळेच धरून चालतो. थर्मो शिकलेल्यांना वेगळं सांगायला नको, वादळ म्हणजे एक अवाढव्य हीट इंजिन. समुद्राचं पाणी साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेलं असलं की वाफ वर जाते, ढगात तिचं पाणी होताना उष्णता सुटते आणि त्या जोरावर भोवरा फिरत राहतो. जमीन आली की बॉयलरखालची आग गेली. पण भोवरा पुरता मोडायच्या आत त्याला पुन्हा गरम समुद्र मिळाला तर? मग खालचं पाणी किती गरम आहे आणि वरच्या थरातला वारा वादळाचा माथा कापतोय की नाही, यावर सगळं अवलंबून. डिसेंबर 2017 मध्ये ओखी वादळामुळे मुंबईच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली, आणि गुजरातच्या किनाऱ्याला लागेपर्यंत त्याचं नुसतं कमी दाबाचं क्षेत्र उरलं. 1900 साली अमेरिकेत याच्या बरोबर उलटं झालं. ज्या गावात ते झालं, तिथल्या हवामान अधिकाऱ्याची ही कहाणी.

आयझॅक क्लाइन यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण 8 सप्टेंबर 1900 या तारखेला येऊन थांबतात. मला मात्र त्यांच्या त्यानंतरच्या वर्षांत जास्त रस आहे. पण आधीचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

जन्म 1861 चा, टेनेसी राज्यातल्या एका खेड्यातला. 1882 मध्ये ते लष्कराच्या सिग्नल विभागात भरती झाले, कारण तेव्हा हवामानाचं काम तिथेच चाले. नोकरी करता करता गड्याने डॉक्टरकीची पदवीही घेतली! (आपल्याकडे एक सबमिशन वेळेवर होत नाही.) 1889 मध्ये त्यांची बदली टेक्सासच्या गॅल्व्हेस्टनला झाली. हे एका लांबट, सपाट वाळूच्या बेटावर वसलेलं श्रीमंत बंदर. गावातली सगळ्यात उंच जागा समुद्रापासून जेमतेम नऊ फूट.

याच किनाऱ्यावरचं इंडियनोला हे बंदर 1875 आणि 1886 च्या वादळांत उद्ध्वस्त झालं होतं. त्यामुळे गॅल्व्हेस्टनलाही समुद्राच्या बाजूने भिंत हवी, अशी मागणी होत होती. 1891 मध्ये क्लाइन यांनी स्थानिक वर्तमानपत्रात लेख लिहून ही भीती निराधार ठरवली. त्यांच्या मते वादळं उत्तरेकडे वळतात, टेक्सासपर्यंत सहसा येत नाहीत. आणि आली तरी इथला उथळ, हळूहळू उतरत जाणारा समुद्रतळ लाटांचा जोर मोडून काढेल. प्रत्यक्षात उथळ तळ वादळी भरतीला आणखी वर चढवतो, कारण ढकललेल्या पाण्याला खालून परत जायला वाव राहत नाही. भिंत काही बांधली गेली नाही. सगळा दोष एकट्या लेखाचा नव्हे, खर्च कुणालाच नको होता. पण खात्याच्या माणसाने लेखी हमी दिल्यावर विषयच मिटला.

सप्टेंबर 1900 च्या सुरुवातीला एक वादळ क्युबावरून गेलं. तिथे त्याने मुख्यतः धो धो पाऊस पाडला, वाऱ्याचा जोर बेताचाच होता. आता प्रश्न आला की हे संपलं का, आणि नसेल तर जाणार कुठे? हवानाच्या बेलेन वेधशाळेतल्या जेझुइट पाद्र्यांना अशा वादळांचा तीस वर्षांचा अनुभव होता. फादर बेनितो विन्येस यांनी उंचावरच्या तंतुमेघांवरून वादळाचा माग काढायची पद्धत तिथे रुजवली होती. त्यांच्या वारसांना दिसत होतं की हे वादळ आखातात शिरणार आणि पुन्हा जोर धरणार. वॉशिंग्टनच्या मुख्यालयाचं मत पडलं की ते फ्लोरिडाकडून अटलांटिकमध्ये निघून जाईल. वर क्युबातून येणाऱ्या हवामानाच्या तारांवरच बंदी घातलेली! क्युबावाले उगाच घबराट पसरवतात, असा साहेबी समज. आखातातल्या जहाजांवर तेव्हा बिनतारी यंत्रणा नव्हती. त्यामुळे वादळ समुद्रात शिरलं आणि सगळ्यांच्या नजरेआड झालं. गरम पाण्यावर चार दिवसांत ते राक्षस होऊन बसलं.

8 तारखेला, शनिवारी पहाटे, क्लाइन किनाऱ्यावर गेले. वारा उत्तरेचा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा. अशा वाऱ्याने पाणी मागे हटायला हवं. पण ते वाऱ्याला न जुमानता वर चढत होतं. हे त्यांनी नोंदवलं आणि तारेने कळवलंही. घोडागाडीतून किनाराभर फिरून आपण लोकांना सावध केलं, असं त्यांनी पुढे आत्मचरित्रात लिहिलं. इतिहासकारांना त्याबद्दल शंका आहे, मलाही ते थोडं सोयीचं वाटतं. पाण्याची नोंद मात्र पक्की आहे.

संध्याकाळी वेगमापकाने ताशी शंभर मैल दाखवले आणि तो उडून गेला. साडेसातच्या सुमारास क्लाइन दारात उभे असताना पाणी काही सेकंदांत चार फूट चढलं. घर मजबूत म्हणून जवळपास पन्नास माणसं आसऱ्याला आलेली. धाकटा भाऊ जोसेफ त्याच कचेरीत नोकरीला होता. त्याचं म्हणणं होतं की गावाच्या मध्यभागी जावं. पण पत्नी कोरा गरोदर आणि आजारी, त्यामुळे घरातच राहायचं ठरलं. ट्रामच्या रुळांचा उखडलेला सांगाडा येऊन आदळला आणि घर कोसळलं. दोघे भाऊ आणि क्लाइन यांच्या तिन्ही मुली ढिगाऱ्यावर तरंगत वाचल्या. कोरा वाचली नाही. तिचा मृतदेह महिनाअखेरीस सापडला. गावात किमान सहा हजार माणसं गेली.

सिव्हिलच्या मित्रांसाठी एक वळण घेतो. त्यानंतर गॅल्व्हेस्टनने सतरा फूट उंचीची भिंत बांधली. तिचा पहिला टप्पा 1904 मध्ये पुरा झाला. मग अख्खं गावच उचललं! सुमारे दोन हजार इमारती जॅकवर चढवून खाली पंपाने वाळूचा गाळ भरला. तोवर लोक लाकडी पुलांवरून ये-जा करत होते. 1915 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा मोठं वादळ आलं तेव्हा भिंत टिकली आणि गावही.

1901 मध्येच क्लाइन यांना न्यू ऑर्लिन्सला हलवलं गेलं. नोकरी तीच, समुद्र तोच. तिथे त्यांनी ती शनिवारची नोंद पुन्हा उकरून काढली. किनाऱ्यावरच्या भरतीमापकांचे अनेक वादळांतले आकडे जमवले आणि 1920 मध्ये शोधनिबंध छापला. त्याचं म्हणणं असं की, वादळ दूर असतानाच त्याने ढकललेलं पाणी पुढच्या किनाऱ्यावर चढू लागतं. ज्या ठिकाणी चढ जास्त, त्या बाजूला वादळ निघालंय. चढाची जागा सरकली की समजावं, वादळाने वाट बदलली. म्हणजे समुद्रात दडलेलं वादळ जिवंत आहे का आणि कुठे जातंय, हे जहाज नसलं तरी साध्या भरतीमापकावरून कळू शकतं. ज्या पाण्याला त्यांनी 1891 मध्ये निरुपद्रवी ठरवलं होतं, त्यालाच आता त्यांनी साक्षीला उभं केलं. चक्रीवादळांवरचं त्यांचं पुस्तक 1926 मध्ये आलं. वादळात माणसं मरतात ती वाऱ्यापेक्षा पाण्याने, यावर त्यांचा भर होता.

सप्टेंबर 1915 मध्ये न्यू ऑर्लिन्सवर वादळ चालून आलं तेव्हा त्यांनी वेळेत आणि स्पष्ट इशारे दिले, सखल भागातून लोकांना हलायला सांगितलं. या खेपेला हातचं काही राखून ठेवलं नाही. जोसेफशी मात्र त्यांचं पुढे फारसं सख्य उरलं नाही.

1935 मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी न्यू ऑर्लिन्समध्ये जुन्या कलावस्तूंचं दुकान चालवलं. 1943 मध्ये विमान पहिल्यांदा मुद्दाम चक्रीवादळाच्या डोळ्यात शिरलं, तेही गॅल्व्हेस्टनजवळच्याच वादळात. ते दुकानदार तेव्हा ऐंशी ओलांडलेले होते. 3 ऑगस्ट 1955 रोजी, वयाच्या 93 व्या वर्षी ते वारले. वरून ढगांचे फोटो पाठवणारा पहिला हवामान उपग्रह टायरॉस सुटायला तेव्हा अजून पाच वर्षं बाकी होती.