पेनिसिलिनचे जनक : डॉ. अलेक्झांडर फ्लेमिंग



खडकी स्टेशनवरून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसलात की दापोडी, कासारवाडीनंतर पिंपरी येते. तेथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले. ज्यांच्या शोधातून हे औषध जगाला लाभले, त्या डॉ. फ्लेमिंग यांचे चरित्र आपण सर्वांनी अभ्यासावे असेच आहे.

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील एका शेतकरी कुटुंबात झाला. सातव्या वर्षीच पितृछत्र हरपले. कोवळ्या वयात ते लंडनला भावाकडे आले आणि शिक्षणानंतर एका जहाज कंपनीत कारकुनी करू लागले. पुढे काकांच्या मृत्युपत्राने थोडी रक्कम हाती आली. ती चैनीत न उडवता, डॉक्टर असलेल्या भावाच्या सल्ल्याने त्यांनी वैद्यकीय शिक्षणासाठी खर्च केली. १९०६ साली ते डॉक्टर झाले व सेंट मेरी रुग्णालयात जंतुशास्त्राचे संशोधन करू लागले.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील लष्करी रुग्णालयात त्यांनी पाहिले की, गोळीपेक्षा जखम चिघळूनच कित्येक सैनिक दगावतात. यावर उपाय शोधण्याचा त्यांना ध्यास लागला. सप्टेंबर १९२८ मध्ये रजेवरून परतल्यावर जंतू वाढवलेल्या एका बशीत त्यांना बुरशी दिसली. तिच्याभोवतीचे स्टॅफिलोकॉकस जंतू नाहीसे झाले होते! दुसऱ्या कोणी ती बशी फेकून दिली असती. फ्लेमिंग यांनी कारण शोधले. बुरशीतील त्या द्रव्यालाच त्यांनी पेनिसिलिन हे नाव दिले. ऑक्सफर्डचे फ्लोरी, चेन व त्यांचे सहकारी यांनी ते शुद्ध करून औषधाच्या रूपात आणले. १९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी व चेन या तिघांना मिळून देण्यात आले.

त्या सन्मानाच्या भाषणात फ्लेमिंग यांनी स्वतःच्या शोधाची स्तुती करण्याबरोबरच धोक्याचा इशाराही दिला, हे त्यांचे मोठेपण. त्यांनी एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली. घसा दुखतो म्हणून तो अपुरे पेनिसिलिन घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला निर्ढावतात. तेच जंतू पत्नीला लागतात, औषध चालत नाही आणि ती मरण पावते.

हा इशारा लवकरच खरा ठरला. १९४८ पर्यंत लंडनच्या एका रुग्णालयात आढळणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंपैकी निम्म्याहून अधिक पेनिसिलिनला दाद देईनासे झाले होते. असे का होते? लाखो जंतूंत एखादा वेगळा असतो. कोणी औषधाचे तुकडे करणारे द्रव्य सोडतो, कोणी औषध बाहेर फेकतो, तर कोणी आपली रचनाच बदलतो. औषधाने बाकीचे मरतात व त्या एकाला रान मोकळे मिळते. शिवाय काही जंतू हा गुण शेजारच्या जंतूलाही देतात. रुग्णालयात औषधांचा मारा सतत असल्याने असेच जंतू उरतात. न धुतलेल्या हातांवरून, खाटेच्या कठड्यावरून, लघवीच्या किंवा सलाईनच्या नळीतून ते अशक्त रुग्णाच्या शरीरात शिरतात.

११ मार्च १९५५ रोजी फ्लेमिंग यांचे निधन झाले. पुढे नवी औषधे आली, पण जंतूंनी त्यांनाही तोंड देण्यास शिकून घेतले. आज ही समस्या साऱ्या जगापुढे उभी आहे.

पालकहो, यात आपलेही कर्तव्य आहे. सर्दीपडशावर प्रतिजैविकांचा उपयोग नाही. ती मेडिकलमधून मनाने आणू नका. डॉक्टरांनी दिलेली औषधे, बरे वाटले तरी, सांगितले तितके दिवस घ्या. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका. वजूसाठी दिवसातून पाच वेळा हात धुणाऱ्या समाजाला स्वच्छता शिकवावी लागत नाही. रुग्णाला भेटण्यापूर्वी व भेटून आल्यावर साबणाने हात धुण्याची सवय तेवढी जोडा.

आणि विद्यार्थ्यांनो, शेतकऱ्याचा पोरका मुलगा कारकुनी सोडून जगाचा उपकारकर्ता झाला, तो शिक्षण व चौकस नजर यांच्या बळावर. जंतूंवर मात करणारे पुढचे औषध शोधण्याचे काम अजून शिल्लक आहे. ते तुमच्यापैकी कोणी का करू नये?