होरेस ग्रीली : पाठिंब्याची किंमत

पेपरने एखाद्या उमेदवाराला पाठिंबा दिला की वाचक खूश होतात, नाहीतर भडकतात. अमेरिकेच्या होरेस ग्रीलींनी दोन्ही अनुभवलं. 1811 साली न्यू हॅम्पशायरमध्ये गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्म. पंधराव्या वर्षी छापखान्यात खिळे जुळवायला लागले. 1841 मध्ये न्यूयॉर्कला ‘ट्रिब्यून’ काढला, किंमत फक्त एक सेंट! गुलामगिरीवर त्यांनी सतत झोड उठवली. 1860 मध्ये पेपर लिंकनच्या मागे उभा राहिला, तेव्हा उत्तरेत घरोघरी ‘ट्रिब्यून’ वाचला जायचा.

युद्ध संपल्यावर ग्रीली म्हणू लागले, आता वैर पुरे. 1867 मध्ये त्यांनी दक्षिणेचे नेते जेफरसन डेव्हिस यांच्या जामिनावर सही केली. झालं! हजारो वाचकांनी पेपर बंद केला.

1872 मध्ये ते स्वतःच ग्रँटविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले. ज्या डेमोक्रॅटिक पक्षाला जन्मभर झोडपलं, त्यानेही त्यांनाच पाठिंबा दिला. जुने चाहते बिथरले, व्यंगचित्रकार नास्टने तर पार टर उडवली. मतदानाच्या काही दिवस आधी पत्नी वारली, मग दारुण पराभव, आणि 29 नोव्हेंबरला ग्रीलीही गेले. अंत्यविधीला ग्रँट स्वतः आले होते.

आपल्या मनातलं छापणारा पेपर कुणालाही आवडतो. न पटणारं छापलं तरी तो वाचणारे किती?